वेळ मारून नेणारी ओळ

निरंजन हर्डीकरचं कोड मी तिसऱ्यांदा परत पाठवलं, तेव्हा त्यानं सरळ फोनच केला.

"पद्मजाताई, एका ओळीसाठी?"

"एका ओळीसाठीच. बाकीचं चांगलं आहे. तसं लिहिलंय मी."

"कुठं लिहिलंय? शेवटी, कंसात?"

कंसात का होईना, लिहिलं होतं. मी सांगलीत घरी बसून पुण्याच्या एका कंपनीसाठी कोड तपासते. दुसऱ्यानं केलेल्या कामातल्या चुका काढायच्या आणि त्याचा पगार घ्यायचा. आमच्या घराण्यातल्या बायका हे काम पिढ्यान्‌पिढ्या फुकट करत आल्या, अक्कानं तेवढी अक्कल दाखवली, असं माझा धाकटा भाऊ शीतल येईल-जाईल त्याला सांगायचा. शीतल हे आमच्या जैन घरांतलं पुरुषाचं नाव. पुण्या-मुंबईचे लोक फोनवर "शीतल मॅडम आहेत का?" असं विचारायचे आणि हा आवाज बारीक करून "बोलतीय की" म्हणायचा.

तर निरंजनचं कोड. ते होतं शीतपेटीतल्या घड्याळाचं. शीतपेटीचं आता कुणाला काही वाटत नाही, पण ती आली तेव्हा मोठी नवलाई होती. पूर्वी दात्याच्या शरीरातून काढलेलं यकृत बर्फात ठेवायचे आणि अर्ध्या दिवसाच्या आत दुसऱ्याच्या पोटात बसवायला धावायचे. त्याहून थंड करता येत नव्हतं, कारण शून्याखाली पाणी गोठतं आणि गोठताना बर्फाचे काटे पेशी फाडतात. मग कुणीतरी युक्ती काढली. यकृत एका द्रावात पूर्ण बुडवायचं, आत हवेचा बुडबुडा राहू द्यायचा नाही, दाब जराही हलू द्यायचा नाही. असं केलं की शून्याच्या खाली पाच-सहा अंशांवरही पाणी गोठत नाही. पेशींचा कारभार जवळजवळ थांबतो आणि यकृत चांगलं चार-पाच दिवस टिकतं. गुवाहाटीच्या माणसाचं यकृत मिरजेच्या माणसाला मिळू लागलं ते त्यामुळे.

त्यात एकच मेख होती. पेटी वाटेत बंद पडली, आतलं यकृत तापलं आणि पुन्हा थंड झालं, तर ते बघायला तसंच दिसतं. रंग तोच, हाताला लागतंही तसंच. बिघाड कळतो तो माणसाच्या पोटात बसवल्यावर. म्हणून सर्जन आता यकृताकडे बघून ठरवत नाहीत, पेटीच्या पडद्याकडे बघून ठरवतात. किती वेळ किती थंड होतं याचा हिशेब करून पेटी सांगते, हे अजून इतकं चालेल. तो सगळा हिशेब आतल्या घड्याळावर उभा.

हे घड्याळ म्हणजे नखाएवढी चिप. तिच्याजवळ एक स्फटिक थरथरत असतो आणि ती थरथर मोजून चिप वेळ सांगते. वीज फार उतरली की थरथर थांबते. वीज आली की घड्याळ थांबलं होतं तिथूनच पुढे चालू लागतं, जसं काही झालंच नाही. पण चिप बनवणाऱ्यांनी एक शहाणपणा केलेला आहे. थरथर थांबली की चिप स्वतःच्या आत एक खूण उभी करते. "मी मध्ये थांबले होते," एवढंच ती खूण सांगते. किती वेळ, ते सांगत नाही.

या चिपशी बोलणारं कोड म्हणजे ड्रायव्हर. निरंजनच्या ड्रायव्हरमध्ये पेटी सुरू झाल्या झाल्या एक ओळ होती, आणि ती ओळ ही खूण पुसून टाकत होती.

"ताई, नव्या पेटीत पहिल्यांदा ती खूण असणारच. घड्याळ लावलेलंच नसतं ना अजून. टेस्टिंगवाले रोज बोंबलतात, एरर येते म्हणून."

"बोंबलू देत. घड्याळ लावलं की मग खूण पुसायची. लावायच्या आधी पुसायची नाही."

"सगळे असंच करतात."

"म्हणून तर तपासायला माणूस ठेवतात."

त्या ओळीवर मी शेरा मारला होता, "इथं वेळ मारून नेलेली आहे." आमच्या कंपनीत तो शेरा इतका गाजला की कुणीतरी तो चहाच्या मगवर छापून घेतला. शेवटी निरंजननं ओळ काढली. खूण उभी असेल तर ड्रायव्हर वेळच देणार नाही, असं ठरलं. तेव्हा पडद्यावर काय दाखवायचं यावर मीटिंग झाली. "तांत्रिक अडचण, कृपया प्रतीक्षा करा" असं एक साळसूद वाक्य पुढे आलं होतं. मी म्हटलं, प्रतीक्षा कसली करायची? जे आहे ते सांगा. पडद्यावर तीन शब्द आले: "वेळ माहीत नाही." आणि रुग्णालयांसाठी नियम झाला की हे तीन शब्द दिसले तर ते यकृत बसवायचं नाही. दोन्ही गोष्टी माझ्या आग्रहानं झाल्या आणि मला त्यांचा अभिमान होता.

आपल्याकडे "माहीत नाही" हे वाक्य कुणाच्या तोंडून निघतच नाही. अनोळखी गावात पत्ता विचारून बघा. विचारलेल्या माणसाला ठाऊक नसलं तरी तो हात वर करून दिशा दाखवणार. आमचा शीतल यात पटाईत. जयसिंगपुरात त्याचं खता-बियाण्यांचं दुकान होतं, रस्त्यालगत, त्यामुळे वाट चुकलेले सगळे त्याच्याच दारात थांबायचे. तो कुणालाही रिकाम्या हाती पाठवायचा नाही. "सरळ जावा, पुढं कुणालाबी विचारा," हे त्याचं ठरलेलं उत्तर.

त्या ओळीचं भांडण मी त्याला दुकानात बसून सांगितलं, तेव्हा त्याच्या डोळ्यांत पिवळेपणा दिसू लागला होता. दारूचा थेंब न घेतलेला माणूस, पण त्याचंच शरीर त्याच्या यकृतावर उलटलं होतं.

"एवढ्यावरनं तीनदा परत धाडलंस त्याला?" तो हसला. "अक्का, तू दुकान चालवू शकणार न्हाईस. गिऱ्हाइकाला माहीत न्हाई म्हटलं की ते शेजारच्या दुकानात जातंय."

"आणि चुकीचं सांगितलं तर?"

"माणूस चालायला तर लागतोय. उभा ऱ्हाण्यापेक्षा बरं न्हवं?"

त्याची बायको राजमती आतून चहा घेऊन आली होती. ती म्हणाली, "अक्का, ह्यांचं काय ऐकताय. परवा एका माणसाला ह्यांनी कोल्हापूरचा रस्ता म्हणून पार शिरोळला धाडलं." आम्ही तिघंही हसलो. मी लग्न केलं नाही, आई-अप्पा गेले, त्यामुळे मला माहेर-सासर जे काही होतं ते हे दुकान आणि त्यामागचं घर.

पावसाळ्याच्या सुरुवातीला शीतलचं पोट फुगलं आणि मिरजेच्या वाऱ्या सुरू झाल्या. डॉक्टर फरीदा मुजावर या तिथल्या सर्जन. मोजकं बोलणाऱ्या. त्यांनी सांगितलं की यकृत बदलावं लागेल, आणि त्याचं नाव यादीत घातलं. मी मनातल्या मनात शीतपेटीचे आभार मानले. पूर्वीच्या काळी सांगली-मिरजेच्या आसपासच दाता मिळायची वाट बघावी लागली असती. आता देशभरातून कुठूनही येईल.

आणि आलं. एका सकाळी राजमतीचा फोन आला. यकृत जुळलंय, विमानानं पुण्यात उतरलंय, तिथून गाडी निघालीय. मी मिरजेला पोचले तेव्हा शीतलला तयार करून आत घेतलेलं होतं. राजमती बाहेर बाकड्यावर बसली होती. कुणाशीही बोलताना तिचा चेहरा कित्येक दिवसांनी मोकळा दिसत होता.

दुपारी पेटी आली. आम्ही दोघींनी ती चाकांवरून आत जाताना पाहिली. थोड्या वेळानं डॉक्टर मुजावर बाहेर आल्या आणि राजमतीकडे न जाता माझ्याकडे आल्या.

"पद्मजाताई, तुम्ही या पेटीच्या कंपनीत आहात ना? जरा आत येता?"

पेटी टेबलावर होती. पडद्यावर माझे तीन शब्द होते.

दुसरं काही मनात यायच्या आधी एक विचार आला आणि त्याची मला आजही लाज वाटते. मनात आलं, चला, आपलं कोड चालतंय.

पुण्यात गाडीत चढवल्यावर कुठेतरी वीज तुटली असणार. पेटी फक्त हात बदलताना बाहेर निरोप पाठवते, आणि शेवटचा निरोप पुण्याचा होता. गाडीतली माणसं पुढे बसलेली, पेटी मागे. वीज कधी गेली, कधी आली, त्यांना पत्ता नव्हता. तापमानाची नोंदही त्याच घड्याळावर चालते, त्यामुळे ती तिथून कोरी. आत्ता पेटी थंड होती, अगदी हवी तितकी.

मी निरंजनला फोन लावला. त्यानं पुण्याहून पेटीच्या आत डोकावून बघितलं.

"ताई, पडद्यावर वेळ येत नसली तरी चिपमध्ये आकडा आहे. खरी वेळ आत्ता काय आहे ती माझ्यासमोर आहे. चिप सात मिनिटं मागे आहे. फक्त सात." त्याच्या आवाजात आनंद होता. "म्हणजे सातच मिनिटं बंद होती. तेवढ्यात पेटी तापतही नाही. सांगा त्यांना."

घड्याळ जितका वेळ थांबलं तितकंच मागे पडणार, हे खरं होतं. डॉक्टर माझ्याकडे बघत होत्या. मी फोन कानाला लावूनच बाहेर खिडकीपाशी गेले.

"निरंजन, चिपच्या पुस्तिकेत काय लिहिलंय?"

पलीकडे पानं उलटल्याचा आवाज आला.

"वाच."

"वीज इतकी उतरली की आतल्या आकड्यांचीही हमी नाही." तो घाईनं पुढे म्हणाला, "पण ते आपले लिहायचं म्हणून लिहितात, ताई. आकडे बिघडले तर कसेही बिघडतात. महिना पंचेचाळीसावा, वार नववा, असं. हा आकडा नीट आहे."

"तासाच्या आकड्यातलं एकच बिट उलटलं असेल तर?"

"तर चार तासांचा फरक पडतो."

"म्हणजे सात मिनिटं, नाहीतर चार तास सात मिनिटं. आणि गाडी पुण्याहून निघून पाच तास झाले."

"असं हजारात एखाद्या वेळी होतं."

"हजारात एखाद्या वेळी? कुणी मोजलंय?"

"माहीत नाही," तो म्हणाला. मग त्याचा आवाज चढला. "ताई, माझी ओळ ठेवली असती ना, तर आज पेटी काही बोललीच नसती. तुमच्या भावाचं ऑपरेशन आत्ता सुरू झालं असतं." एवढं बोलल्यावर त्यालाच कसंतरी झालं असावं. "सॉरी," म्हणाला.

चुकीचं तो काहीच बोलला नव्हता.

डॉक्टर मुजावर दारात आल्या. त्यांनी मला नीट समजावून सांगितलं, जसं परक्या माणसाला सांगतात तसं. "सात मिनिटं असतील तर हे यकृत उत्तम आहे. चार तास असतील तर बसवल्यावर ते चालणार नाही आणि तो दोन दिवसांत जाईल. आज नाही घेतलं तर तो अजून काही आठवडे काढेल, असं मला वाटतं. तेवढ्यात दुसरं मिळालं तर मिळालं. नियम म्हणतो घ्यायचं नाही. पण कंपनीच्या जाणकार माणसानं खात्री दिली, तर मला पुढे जाता येतं. तुम्ही सांगाल ते मी धरते."

राजमती मागे येऊन उभी राहिली होती. तिनं सगळं ऐकलं होतं आणि त्यातलं तिला समजायचं तेवढं समजलं होतं.

"तुमचंच मशीन हाय न्हवं, अक्का?" ती म्हणाली. "तुम्ही म्हणाल तसं. माझी काय ना न्हाई."

मी म्हटलं, मला एकदा शीतलला बघू द्या.

यकृत काम करेनासं झालं की रक्तातली घाण मेंदूपर्यंत जाते आणि माणूस भरकटतो. दोन दिवसांपासून शीतलचं तसं झालं होतं. तो डोळे उघडे ठेवून पडला होता. मी त्याचा हात हातात घेतला. त्यानं माझ्याकडे पाहिलं, पण त्या नजरेत ओळख नव्हती. दुकानाच्या दारात थांबलेल्या माणसाकडे तो जसा बघायचा तसा बघत होता, जरा हसून.

"शीतल, काय करू रे मी?"

त्यानं हात सोडवून घेतला आणि मोठ्या कष्टानं वर उचलून भिंतीकडे दाखवला. "सरळ जावा," तो म्हणाला. "पुढं कुणालाबी विचारा."

मी तिथेच रडले. मला त्याचं ऐकायचं होतं. सात मिनिटं, एवढंच तर म्हणायचं होतं, आणि ते खरं असण्याचीच शक्यता जास्त होती. त्याच्या जागी मी असते तर त्यानं एका दमात सांगून टाकलं असतं. पण समजा मी सांगितलं आणि ते चार तास निघाले, तर त्याला मारलं कुणी? आणि नाही सांगितलं आणि ती सातच मिनिटं असली, तर? दोन्हीकडे मीच होते. शेवटी मी एवढंच स्वतःला विचारलं की मला काय माहीत आहे. त्याला उत्तर एकच होतं.

बाहेर येऊन मी डॉक्टरांना म्हटलं, "आकडा सात मिनिटं दाखवतोय. तो खरा आहे की नाही, मला माहीत नाही."

डॉक्टर मुजावरांनी मान हलवली आणि त्या आत गेल्या. राजमती बाकड्यावर बसून शीतलच्या सदऱ्याच्या घड्या घालू लागली. घातलेली घडी मोडून पुन्हा घालत होती. मला ती एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

दुसरं यकृत आलं नाही. पर्युषणात शीतल गेला. त्याआधी एक-दोन दिवस तो पुष्कळ शुद्धीत होता आणि राजमतीला उधार-उसनवारीबद्दल नाही, तर दुकानाच्या पाटीला नवा रंग द्यायचा राहिला याबद्दल सांगत होता. मला म्हणाला, "अक्का, तुझं ते मशीन लई प्रामाणिक निघालं म्हणं." त्याला कुणी सांगितलं होतं कोण जाणे. तो हे टोमणा म्हणून बोलला की सहज, तेही मला कळलं नाही. विचारायचा धीर झाला नाही.

कामावर परत आले तेव्हा निरंजनचं नवीन कोड वाट बघत होतं. खूण उभी असली, पण घड्याळ थोडंच मागे पडलेलं असलं, तर पेटीनं आपणच खूण पुसावी आणि पुढे जावं, असं त्यानं लिहिलं होतं. वर एक वाक्य होतं: शीतल चौगुले यांच्यासाठी. मी ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं.

त्याच आठवड्यात डॉक्टर मुजावरांचा फोन आला. नाकारलेलं यकृत त्यांनी तपासायला पाठवलं होतं. पेशी एकेक करून बघायच्या म्हणजे वेळ लागतो, तोवर यकृत वाया जातं, म्हणून आधी हे करता येत नाही.

"सांगावं की नाही, मला कळत नव्हतं," त्या म्हणाल्या. "पण तुम्ही विचारल्याशिवाय राहणार नाही असं वाटलं. यकृत चांगलं होतं, पद्मजाताई. अगदी उत्तम. ती सातच मिनिटं असणार."

मी त्यांना धन्यवाद दिले. असल्या वेळी तोंडातून तेच निघतं.

मग मी निरंजनचं कोड उघडलं. एकदा आकडा खरा निघाला म्हणून पुढच्या वेळी निघेल असं नाही, आणि पुढच्या पेटीच्या बाहेरही कुणीतरी बाकड्यावर बसलेलं असणार. मला रागही येत होता. कुणाचा, ते सांगता येणार नाही. त्या ओळीवर मी माझा जुनाच शेरा लिहिला आणि कोड परत पाठवलं. निरंजननं या वेळी फोन केला नाही.

दिवाळीच्या सुट्टीत मी जयसिंगपूरला गेले. दुकान आता राजमती चालवते. पाटी नव्यानं रंगवली आहे. काउंटरवर उभी राहून ती गिऱ्हाइकांना तोलून-मापून उत्तरं देत होती. एका म्हाताऱ्यानं कुठल्याशा औषधाचं विचारलं, तर म्हणाली, "माहीत न्हाई, मामा. विचारून ठेवते, उद्या या." म्हातारा तक्रार न करता गेला. शीतल म्हणायचा तसा तो शेजारच्या दुकानात शिरला नाही, हे मी मुद्दाम बघितलं.

गर्दी ओसरली तशी तिनं मला चहा दिला. मिरजेपासून आम्ही दोघी एकमेकींशी नीट बोललो नव्हतो. कामापुरतं, जेवलीस का, एवढंच. ती काउंटर पुसत राहिली आणि पुसता पुसता, माझ्याकडे न बघता म्हणाली,

"अक्का, एक विचारू? त्या दिवशीचं ते... ते चांगलं होतं का हो? काय कळलं का पुढं?"

तिचा हात थांबला होता. तिनं माझ्याकडे बघितलं. शीतलशिवाय इतके दिवस काढल्यावर उरलेलं सगळं त्या बघण्यात होतं.

"माहीत नाही," मी म्हटलं.

मग तिनं एक लांब श्वास सोडला आणि कित्येक दिवसांनी पदरानं डोळे टिपले.

"तुम्ही म्हणताय म्हंजे खरंच माहीत नसणार," ती म्हणाली. दारात कुणीतरी मोटरसायकल थांबवून पत्ता विचारत होतं, तिकडे ती वळली.